रात्रपाळी, हालचाल आणि झोप: नाशिकच्या पाळीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांत, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, दवाखान्यांच्या वॉर्डांत, रात्री भाजीपाला भरून मुंबईकडे निघणाऱ्या गाड्यांवर आपल्याकडची कितीतरी माणसं पाळीत काम करतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘झोप येत नाही, काय घेऊ?’ हाच असतो. त्याच्या आधी तीन गोष्टी विचारायला हव्यात: काल उजेडात कधी होतात, अंगाला हालचाल कधी झाली आणि शेवटचं जेवण कधी झालं? झोपेची संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, जागेपणीच्या या सवयींवरून आपली वेळ ठरवतात. कामगार, परिचारिका, ड्रायव्हर आणि त्यांच्या घरचे लोक जे विचारतात, त्याची उत्तरं खाली दिली आहेत.

झोपेची संप्रेरकं म्हणजे नेमकी कोणती?

मुख्य दोन लक्षात ठेवा. पहिलं मेलाटोनिन. मेंदूच्या मधोमध असलेल्या वाटाण्याहूनही लहान पिनियल ग्रंथीतून ते रात्री स्रवतं. दिवसा काम आणि रात्री झोप अशी घडी असलेल्या माणसात ते साधारण रात्री नऊच्या सुमारास वाढू लागतं, दोन ते चारच्या दरम्यान सर्वांत जास्त असतं आणि सकाळी उतरतं. ते माणसाला गुंगी आणत नाही. ‘रात्र झाली’ एवढा निरोप ते सगळ्या शरीराला देतं. त्या निरोपावर हातापायांची त्वचा उष्णता बाहेर टाकू लागते, शरीराचं आतलं तापमान उतरतं आणि झोपेची वाट मोकळी होते.

दुसरं कॉर्टिसॉल. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी ते तयार करतात. मध्यरात्रीच्या सुमारास ते सर्वांत कमी असतं, पहाटे चढू लागतं आणि जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं.

दोन्हींचं वेळापत्रक मेंदूतल्या एका छोट्या केंद्राच्या हाती असतं. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर सुमारे वीस हजार पेशींचा हा पुंजका आहे. अशी घड्याळं पेशींच्या आत कशी चालतात हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं.

आठवडाभर नाईट केली की शरीर सरावतं ना?

नाही. मन सरावतं, गप्पागोष्टींची आणि चहाची वेळ सरावते, संप्रेरकं मात्र क्वचितच पूर्ण सरावतात. वर्षानुवर्षं कायम नाईट करणाऱ्यांतसुद्धा ज्यांचं मेलाटोनिन दिवसाकडे पूर्णपणे सरकलं आहे, अशी माणसं फारच थोडी सापडतात.

याचं सर्वांत मोठं कारण सकाळचं ऊन. जूनमध्ये नाशिकला सहाच्या आसपास सूर्य उगवतो. सातला सुटलेली रात्रपाळी भर उजेडात घरी येते. घरातल्या ट्यूबलाइटचा प्रकाश शंभर-दोनशे लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) घरातला, तर बाहेर ढगाळ दिवशीही तो दहा हजारांच्या आसपास जातो. डोळ्यातल्या काही खास पेशी, विशेषतः निळसर प्रकाशाला, लगेच प्रतिसाद देतात आणि मेंदूतल्या केंद्राला ‘सकाळ झाली’ असं कळवतात. मेलाटोनिन बंद होतं आणि कॉर्टिसॉल तर त्या वेळी आधीच चढलेलं असतं. अशा वेळी आडवं होणारा माणूस अंगाने थकलेला असूनही बारा-एकला टक्क जागा होतो. त्याची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा दोन-तीन तासांनी सहज कमी भरते.

डिसेंबरमध्ये उलटा त्रास होतो. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे सातच्या फर्स्ट शिफ्टला निघणारे अंधारातच घर सोडतात आणि दिवसभर शेडमध्ये राहतात. सकाळच्या उजेडाचा इशारा त्यांना मिळतच नाही, म्हणून रात्रीची झोपही उशिरा उशिरा होत जाते.

दिवसभर कामावर उभा असतो, माल उचलतो. मग वेगळा व्यायाम कशाला?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग रास्त आहे. आठ तास मशीनवर उभं राहून आलेल्या माणसाला ‘चालायला जा’ म्हणणं त्याला चेष्टा वाटते.

पण अंगमेहनत आणि व्यायाम शरीराला सारखे लागत नाहीत. कामावरची हालचाल तीच ती असते, तासन् तास चालते आणि मधे विसावा देत नाही. एकच खांदा, एकच कंबर त्यात झिजते. हृदयाचे ठोके थोडे वाढलेले राहतात, पण दम लागून पुन्हा शांत होण्याचा जो चढउतार हृदयाला बळ देतो, तो होत नाही. फावल्या वेळात स्वखुशीने केलेल्या व्यायामाचे फायदे जड अंगमेहनतीच्या कामातून तसे मिळत नाहीत, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

झोपेच्या दृष्टीने आणखी एक फरक आहे. कामाची वेळ कंपनी ठरवते, व्यायामाची तुम्ही. शरीराच्या घड्याळाला हालचालीची वेळ कळते, म्हणून ती वेळ तुमच्या हातात असणं मोलाचं आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. म्हणजे कमीत कमी आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपझप चालणं. जड काम करणाऱ्याने त्यातला काही वेळ अंग ताणण्याचे व्यायाम आणि कंबर-मांड्यांची ताकद यांना दिला तरी चालेल.

बसून काम करणाऱ्यांची, म्हणजे कंट्रोल रूम, सिक्युरिटी केबिन, कॉल सेंटर आणि ड्रायव्हर मंडळींची गोष्ट वेगळी. डोकं थकतं पण अंग थकत नाही. झोपेची ओढ वाढवणारं अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य जागेपणी मेंदूत साठत जातं आणि अंगाला काम पडलं तर गाढ झोपेला मदत होते. दिवसभर बसलेल्याला ही मदत मिळत नाही.

मग कुठल्या पाळीत कधी चालायचं?

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. १०१ जणांना तीन दिवस रोज एक तास ट्रेडमिलवर मध्यम वेगाने चालवलं. कुणाला मध्यरात्रीनंतर एकला, कुणाला पहाटे चारला, कुणाला सातला, अशा आठ वेगवेगळ्या वेळा होत्या. दर दीड तासाने लघवीतून मेलाटोनिनच्या खुणा मोजल्या. सकाळी सातला आणि दुपारी एक ते चारच्या दरम्यान चालणाऱ्यांचं घड्याळ पुढे आलं, म्हणजे मेलाटोनिन लवकर स्रवू लागलं. संध्याकाळी सात ते रात्री दहाच्या दरम्यान चालणाऱ्यांचं घड्याळ मागे गेलं, म्हणजे मेलाटोनिन उशिरा स्रवू लागलं. सकाळी दहाला किंवा रात्री एक ते चारला केलेल्या व्यायामाने फारसा फरक पडला नाही. या लोकांची घड्याळं नेहमीची होती, पाळीने विस्कटलेली नव्हती, तरी दिशा कळायला हे पुरेसं आहे.

आता आपल्या पाळ्या घेऊ.

फर्स्ट शिफ्ट सात ते तीन असेल तर रात्री साडेनऊ-दहाला झोप यायला हवी, म्हणजे घड्याळ पुढे आणायचं आहे. तीनला सुटल्यावर घरी जाऊन पलंगावर पडण्याआधी अर्धा तास चाला. उजेडही मिळतो. बरेच जण दुपारी दोन तास झोपतात आणि रात्री बारापर्यंत जागे राहतात. ती झोप वीस-पंचवीस मिनिटांवर आणली तर रात्र सुधारते. एप्रिल-मेमध्ये साडेतीनचं ऊन अंगावर घेऊ नका. सावलीतला रस्ता, इमारतीचे जिने किंवा घरात सूर्यनमस्कार पुरेत. रात्री जेवून नऊला जिम गाठणं हे या पाळीसाठी उलट्या दिशेने जाणं आहे.

सेकंड शिफ्ट तीन ते अकरा ही झोपेला सर्वांत सोयीची, पण लोक ती वाया घालवतात. साडेअकराला घरी, जेवण, मग मोबाइल आणि दीड वाजता झोप. सकाळी उशिरा उठून थेट ड्युटी. यात हालचाल आणि सकाळचा उजेड दोन्ही हातातून जातात. साडेआठला उठून तासाभरात बाहेर पडा. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, गोल्फ क्लब मैदान, पांडवलेणीच्या पायऱ्या, जे जवळ असेल ते. पंचवटीत राहणाऱ्यांना गोदाघाट आहेच.

नाईट अकरा ते सात असेल तर चालण्याची वेळ संध्याकाळची, सात ते साडेआठच्या दरम्यान. त्याने अंग ताजं होतं आणि घड्याळ मागे सरकतं. नाईटला हवी ती हीच दिशा आहे. नंतर जेवण आणि मग ड्युटी. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर घड्याळ पूर्ण उलटवण्याच्या नादी लागू नका. ते अर्धवट सरकेपर्यंत पाळी बदलते. नाईटच्या आठवड्यात झोप भरून काढण्यावर भर द्या आणि चालणं चालू ठेवा.

सकाळी सुटल्यावर थेट जिमला गेलं तर?

नको. त्या वेळी दमवणाऱ्या व्यायामाने शरीर तापतं, कॉर्टिसॉल आणखी चढतं आणि येता-जाता उन्हाचा डोस बसतो. घरी येऊन दहा मिनिटं पाठ-पिंढऱ्यांचे ताण आणि गरम पाण्याने अंघोळ, एवढं बस. गरम पाण्याने त्वचेकडे रक्त येतं, अंगातली उष्णता बाहेर पडते आणि तासाभरात झोप लागणं सोपं जातं.

रात्री ड्युटीवर तीननंतर डोळे मिटायला लागतात. काय करू?

पहाटे चार-पाचला शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं आणि मेलाटोनिन अजून भरपूर असतं. इच्छाशक्ती कमी पडते म्हणून असं होतं, असं समजून स्वतःला दोष देऊ नका. बसून काम असेल तर दर तासाला तीन-चार मिनिटं उठा. जिना चढा, शेडभोवती चक्कर मारा. उभं काम असेल तर बसा, पाय उंच करा, घोटे फिरवा. उजळ दिव्याखालचं काम पहिल्या अर्ध्या रात्रीत जास्त ठेवता आलं तर उत्तम. कंपनीचा नियम परवानगी देत असेल तर विश्रांतीच्या वेळेत वीस मिनिटांची डुलकी घ्या. त्याहून लांबली तर उठल्यावर डोकं बराच वेळ जड राहतं आणि लगेच मशीनवर हात घालणं धोक्याचं ठरतं.

नाईट सुटली की आम्ही सगळे मिसळ खातो. ती पण बंद करायची का?

रोजची असेल तर कमी करा. मैत्रीतला तो अर्धा तास मला तोडायचा नाही, पण तर्री, पाव आणि वर चहा, मग लगेच आडवं होणं यातून जळजळ आणि अपुरी झोप दोन्ही मिळतात. सुट्टीच्या दिवशी उठल्यावर मिसळ खा, चव घेऊन खा.

जेवणाच्या वेळेचं प्रकरण त्याहून मोठं आहे. मेलाटोनिन चढलेलं असताना स्वादुपिंड इन्सुलिन कमी सोडतं. मध्यरात्री पोट भरून भात-भाजी खाल्ली तर त्यातली साखर रक्तात जास्त वेळ फिरत राहते. २०२१ मध्ये १९ निरोगी तरुणांवर झालेल्या एका प्रयोगात दोन गट केले होते. दोन्ही गट कृत्रिम रात्रपाळी करत होते. ज्यांनी रात्रीही खाल्लं त्यांची साखर वाढली, ज्यांनी फक्त दिवसा खाल्लं त्यांची वाढली नाही. घरात मधुमेह असलेल्या प्रत्येक पाळीवाल्याने हे मनावर घ्यावं.

व्यवहारात असं करा: ड्युटीला जाण्याआधी आठ-साडेआठला भाकरी-भाजी, वरण असं नीट जेवण. रात्री एक ते पाचच्या मधे फार भूक लागली तर ताक, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, एखादं फळ. सकाळी झोपण्याआधी थोडे पोहे किंवा एक पोळी, म्हणजे भुकेने जाग येत नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा स्वतःहून बदलू नका, डॉक्टरांशी बोला.

चहा आणि तंबाखू?

चहातलं कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास घेतं. सात वाजता सुटणाऱ्याने शेवटचा कप रात्री दोनच्या आत घ्यावा. पहाटे पाचचा कटिंग आवडीचा असतो हे मान्य, पण नऊ वाजता तोच झोप पातळ करतो. कॅफिन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं, त्यामुळे थकवा जात नाही, फक्त जाणवत नाही.

तंबाखूने झोप उडते म्हणून ती मळणारे खूप आहेत. निकोटीन उत्तेजक आहे आणि झोपताना तोंडात असेल तर झोप मोडतेच. त्याची बाकीची किंमत तोंडाच्या कर्करोगात मोजली जाते, ती इथे वेगळी सांगायला नको. दारू घेऊन दिवसा झोपणाऱ्यांना पटकन झोप लागते, पण ती तुकड्यातुकड्यांत येते.

मी सिस्टर आहे. नाईट करून घरी आले की डबे, धुणं, मुलांची शाळा. मी कधी झोपू?

व्यायामाचा सल्ला देणारे या प्रश्नापाशी बहुधा गप्प होतात. सकाळी साडेसातला घरी येऊन अकरापर्यंत उभं राहणाऱ्या बाईचं मेलाटोनिन तोवर पार संपलेलं असतं. त्यानंतरची तिची झोप म्हणजे दारावरची बेल, कुकरची शिट्टी आणि ‘आई, माझी वही कुठंय?’ यांच्या मधे मिळालेले दोन-तीन तास. घरकाम ही हालचाल आहे, पण चुकीच्या वेळची. शरीराला विश्रांती द्यायच्या वेळी ते उजेडात, घाईत आणि काळजीत राहतं.

इथे उत्तर बाईकडे नाही, घराकडे आहे. नाईटच्या आठवड्यात सकाळचे डबे नवरा, सासूबाई किंवा मोठी मुलं, कुणीतरी उचलायला हवेत. जे काम टळत नाही ते झोपेनंतर, दुपारी तीन-चारला करा, तेव्हाची हालचाल झोपेला आड येत नाही. एकसलग झोप मिळतच नसेल तर दोन भाग पाडा: सकाळी आल्याबरोबर चार-पाच तास आणि संध्याकाळी ड्युटीआधी दीड तास. घरातल्या माणसांना सांगायला एक गोष्ट आहे. वाढीचं संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेला बांधलेलं असतं, ते दिवसाच्या झोपेतही येतं. म्हणजे तिची दुपारची झोप ही आळसाची नाही, शरीराची डागडुजी त्यातच होते. बेलला चिठ्ठी लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि कुणी विचारलं तर ‘ती झोपली आहे’ असं सांगायला संकोच करू नका.

वर पत्रा आहे, दिवसा झोप कशी येणार?

काळोख, गारवा, शांतता, याच क्रमाने जमेल तेवढं करा. खिडकीला जाड काळं कापड किंवा डोळ्यांवर पट्टी. उन्हाळ्यात पत्र्यावर पांढरा रंग, ओलं पोतं, खाली कूलर. भंगारवाल्याच्या आणि भाजीवाल्याच्या हाका थांबवता येत नाहीत. कानात इअरप्लग घाला आणि पंख्याचा एकसारखा आवाज चालू ठेवा.

मोबाइलने एवढं काय होतं?

पडदा लहान असला तरी डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असतो. खोलीच्या साध्या दिव्यांचंही भान ठेवा. २०११ च्या एका अभ्यासात ११६ जणांपैकी ज्यांनी झोपेआधीचे तास मंद प्रकाशाऐवजी नेहमीच्या दिव्यांत काढले, त्यांच्या शरीरात मेलाटोनिनचा काळ सुमारे दीड तासाने आखूड झाला. सेकंडवरून आल्यावर घरात एकच मंद दिवा ठेवा.

साप्ताहिक सुट्टीला कसं झोपायचं?

सगळ्यांबरोबर रात्री दहाला झोपून पहाटे सहाला उठलात, तर नाईटच्या पाच दिवसांत सरकलेलं थोडंसं घड्याळही परत येतं. पुढची नाईट असेल तर सुट्टीच्या रात्री दीड-दोनला झोपा आणि नऊ-दहाला उठा. घरच्यांबरोबर संध्याकाळ मिळते आणि झोपेचे काही तास दोन्हीकडे जुळतात. पुढे फर्स्ट शिफ्ट असेल तर शेवटच्या नाईटनंतर दीड-दोन तासच झोपा, दुपारी उन्हात फिरा आणि रात्री लवकर झोपा.

मेलाटोनिनची गोळी घेऊ का?

डॉक्टरांना विचारूनच. तिची वेळ मात्रेपेक्षा महत्त्वाची असते. चुकीच्या वेळी घेतली तर घड्याळ नको त्या दिशेला जातं. रक्त पातळ करणारी औषधं किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर जास्त सावध राहा. रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी औषधं घेणाऱ्यांत स्वतःचं मेलाटोनिन कमी होऊ शकतं. अशी गोळी चालू असून झोप बिघडली असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, गोळी मात्र आपणहून थांबवू नका.

रात्रपाळीने कॅन्सर होतो हे खरं का?

कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. याचा अर्थ पुरावा गंभीर आहे, पण पक्का नाही. प्रत्येक रात्रपाळीवाल्याला कर्करोग होतो असा तर मुळीच नाही. तपासण्या वेळेवर करा, वजन आणि तंबाखू आटोक्यात ठेवा.

आमच्या सुपरवायझरला काय सांगू?

पाळ्या फर्स्ट, सेकंड, नाईट या क्रमाने फिरवाव्यात. माणसाचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं, म्हणून उशिराकडे सरकणं त्याला सोपं जातं. उलटा क्रम अंगावर येतो. नाईटवरून सुटल्यावर त्याच दिवशी सेकंडला बोलावणं टाळावं. पंचेचाळिशीनंतर झोप सावरायला वेळ लागतो, याचाही विचार व्हावा.

डॉक्टरकडे कधी जायचं?

सकाळी सिन्नरहून किंवा त्र्यंबक रोडने दुचाकीवर येताना एकदाही डोळा लागला असेल तर लगेच. तोपर्यंत गाडी चालवू नका, कंपनीच्या बसने या किंवा निघण्याआधी वीस मिनिटं झोपा. झोपेत जोरात घोरणं आणि मधेच श्वास थांबणं घरच्यांनी पाहिलं असेल, तीन महिन्यांहून जास्त काळ झोप बिघडलेली असेल, मन सतत खचलेलं असेल, तरी थांबू नका. ईएसआय कार्ड असेल तर सातपूरचं कामगार विमा रुग्णालय आहे, नसेल तर जिल्हा रुग्णालय. जाताना दोन आठवड्यांची नोंद बरोबर न्या: रोज कधी झोपलात, कधी उठलात, कुठली पाळी होती, चहा किती घेतला, केव्हा चाललात.